माती नोनीची, झाडं सेननची

रविवारी जेवायला एक पाहुणा येणार आहे, एवढंच आल्वाने बापाला सांगितलं होतं. सेनन लिलिसने चहात साखर ढवळता ढवळता विचारलं, "डुकराचं मांस खातो ना?"

"खातो."

"मग येऊ दे," म्हणून तो परत वर्तमानपत्रात शिरला. कोण, कुठला, कशासाठी, काही नाही. आई मोना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या घरात प्रश्न विचारायचं काम कुणी अंगावर घेतलंच नव्हतं.

त्यामुळे शॅनन विमानतळावर टॉर्बेन क्येर नावाचा तो उंच, लालसर दाढीचा डॅनिश माणूस तिच्या गाडीत येऊन बसला, तेव्हा आल्वाने गाडी सुरू करायला जरा वेळच लावला. चिखलात घालायचे बूट त्याने वेगळ्या पिशवीत बांधून आणले होते. पिशवी त्याने मांडीवरच ठेवली.

"फोटो तुमच्या वडिलांनी पाहिले?" गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं.

"नाही."

"मी येतोय हे त्यांना माहीत आहे?"

"जेवायला कुणीतरी येतंय, हे माहीत आहे."

टॉर्बेन खिडकीबाहेर पाहू लागला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अ‍ॅशची झाडं उभी होती, निम्म्याअधिक वठलेली. जानेवारीत सगळीच झाडं उघडी असतात, पण मेलेल्या फांद्या लांबूनही कळतात. त्यांच्या टोकांना ते काळे डोळे, पानांचे मिटलेले कोंब, नसतात.

"आणि ती तीन झाडं पाडणार कधी?"

"परवा. मंगळवारी सकाळी. उद्या संत ब्रिजिडची सुट्टी आहे, म्हणून उद्या नाही."

"म्हणजे माझ्याकडे दीड दिवस आहे."

"दीड दिवस आणि एक जेवण," आल्वा म्हणाली. "त्यातलं जेवण जास्त अवघड जाईल."

गेल्या जुलैत ती घरामागच्या रानात गेली होती ती एखादी चांगली फांदी मिळते का बघायला. दहा वर्षांपूर्वी परगण्यात बुरशी शिरली आणि अ‍ॅशचे शेंडे वाळायला लागले. सालीवर लांबट चट्टे पडायचे, मग फांदी जायची, मग झाड. लिलिसांचं सगळं आयुष्य अ‍ॅशवर उभं होतं. ज्या काठीने सारा क्लेअर परगणा रविवारी मैदानात चेंडू हाणतो, ती हर्ली अ‍ॅशची. तीही कुठलीही फळी नव्हे, तर बुंधा मुळाकडे वळतो तिथला तो बाकदार भाग. तिचा पणजोबा हर्ली करत होता, आजोबा थेडी करत होता, बाप पन्नास वर्षं करतोय, आणि बारा वर्षांपासून त्याच्या शेजारच्या टेबलावर ती करतेय. आता लाकूड परदेशातून फळ्यांच्या गठ्ठ्यांत यायचं आणि बाप प्रत्येक फळी नाकाशी नेऊन नाक मुरडायचा.

त्या जुलैत सगळ्या रानात वाळक्या काठ्या दिसत होत्या, आणि मधोमध तीन झाडं हिरवीगार, पानांनी भरलेली. चट्टा नाही, वाळका शेंडा नाही. तिने फोटो काढले. बापाला दाखवायच्या आधी डेन्मार्कमधल्या एका रोपवाटिकेला पाठवले, कारण तिथल्या टॉर्बेनचा लेख तिने कुठेतरी वाचला होता. आणि ती बापाला दाखवायला गेली, तोवर त्यानेच ती झाडं पाहिली होती आणि ठरवूनही टाकलं होतं: रोग लागण्याआधी ती पाडायची, आणि थेडी लिलिसच्या रानातल्या शेवटच्या तीस हर्ली करायच्या. गावात नावंसुद्धा नोंदवली गेली होती.

"एक विचारू?" टॉर्बेन म्हणाला. "जमीन तुमच्या वडिलांचीच ना?"

आल्वा हसली. "नाही. तीच तर गंमत आहे. आजोबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय, माती माझ्या आत्याची, त्यातली अ‍ॅशची झाडं माझ्या बाबांची."

"आणि ते दोघं एकमेकांशी बोलतात?"

"हवा-पाण्याबद्दल, तेही माझ्या नाहीतर माझ्या भावाच्या तोंडून," आल्वा म्हणाली, आणि तिने किलारन गावाच्या अरुंद रस्त्याला गाडी वळवली.

*

आल्वाचा भाऊ लोर्कन एनिस शहरातून आत्याला गाडीत घालून आला होता, म्हणजे वाटेत तिच्या घराशी थांबून. तिचं घर बापाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. पण नोव्हेंबरपासून नोनीआत्याला चढ झेपत नव्हता. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात कागद होते. तीस वर्षांपूर्वी आत्याने आपल्या चौदा एकरांवर स्प्रूसच्या काळपट सूचिपर्णी झाडांची लागवड केली होती. मागच्या शरद ऋतूत ती तोडून झाली आणि टेकडी बोडकी पडली. आता एक वनकंपनी ती जमीन विकत घ्यायला तयार होती. लोर्कनचं एनिसमध्ये जमिनी विकून द्यायचं ऑफिस होतं, त्यामुळे गिऱ्हाईक त्यानेच आणलं होतं. तीन झाडं निघाली की व्यवहार मोकळा. मंगळवारी झाडं, बुधवारी सही.

टेबलाशी एक परका माणूस बसलेला पाहून त्याने बहिणीकडे भुवया उंचावल्या. आल्वाने बटाट्यांचं भांडं त्याच्या हातात दिलं आणि ती चुलीकडे वळली.

"लोर्कन, तुझ्या बापाला विचार, मोहरी हवी का," नोनीआत्या म्हणाली. ती भावाच्या बरोबर समोर बसली होती.

सेननने हात लांब करून बाटली उचलली. "तिला सांग, मिळाली."

टॉर्बेनने काटा तोंडाशी धरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"सवय होते," लोर्कन त्याला म्हणाला.

मग सेननला यजमानाचं कर्तव्य आठवलं. "धंदा काय तुमचा?"

"झाडांचा. रोपवाटिका आहे."

सेननचा चेहरा आक्रसला. "स्प्रूसची?"

खोलीतली हवा एकदम घट्ट झाली. आत्याने पाव मोडायचा थांबवला.

"नाही," टॉर्बेन म्हणाला. "अ‍ॅशची. म्हणजे होती. वडिलांनी लावलेली बाराशे झाडं होती आमची. आता अकरा आहेत. ती अकरा का जगली, हे शोधत मी पंधरा वर्षं हिंडतोय."

सेननने सुरी खाली ठेवली. तो पहिल्यांदाच पाहुण्याकडे नीट बघत होता, आणि लोर्कनला वाटलं, बापाला हा माणूस आवडला. पण पुढच्याच वाक्याला ते संपलं.

"तुमच्या रानात अशी तीन आहेत," टॉर्बेन म्हणाला. "ती तुम्ही पाडू नयेत, हे सांगायला मी आलोय."

"माझ्या रानातल्या झाडांची बातमी डेन्मार्कपर्यंत कशी गेली?"

मग आल्वा चुलीपासून वळली. "मी फोटो पाठवले, बाबा. जुलैत."

"जुलैत." सेननने मान हलवली. "म्हणजे मी इथे गावाची नावं लिहून घेत होतो, आणि तू सहा महिने माझ्या पाठीमागे पत्रव्यवहार करत होतीस."

"तुम्हाला सांगायला आले होते मी. तुम्ही म्हणालात, ठरलंय."

"ठरलंच होतं. ठरलंच आहे." तो टॉर्बेनकडे वळला. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "साहेब, तुम्ही पाहुणे आहात. पोटभर जेवा, सफरचंदाचा टार्ट आहे, तोही खा. पण मंगळवारी सकाळी पॅकी मोरोनी करवत घेऊन येतोय."

"बाबांचं बरोबर आहे," लोर्कन म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. बापाची बाजू त्याने शेवटची कधी घेतली होती, आठवत नव्हतं. "झाडं त्यांची आहेत. शिवाय कंपनीला जागा मोकळी हवी आहे. आत्या आणि मी बुधवारी—"

"तीन झाडांचं तुम्ही काय करणार?" आत्याने मध्येच टॉर्बेनला विचारलं. ऐकू कमी आल्यासारखं करून हवं ते विचारायची तिची जुनी पद्धत होती.

"कलमं बांधणार. शेंड्याकडच्या काड्या घ्यायच्या, लहान रोपांच्या खुंटावर बांधायच्या. एका झाडापासून शंभर होतात. मग ती लावून पाहायची."

"जगतील?"

"काही. तीनपैकी एखाद्याच झाडाचं वाण टिकेल. कदाचित एकाचंही नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला."

"आणि लावायची कुठे? डेन्मार्कमध्ये?"

"आधी इथेच. काड्या देशाबाहेर न्यायच्या परवान्याला वेळ लागतो, तोवर कलमं इथेच वाढवायची. उघडी जागा हवी, उन्हाची. आसपास रोग असलेली. तरच खरी परीक्षा होते."

आत्याने पावाचा तुकडा लोणी लावून शांतपणे खाल्ला. "माझी टेकडी उघडी आहे," ती म्हणाली.

"आत्या!" लोर्कनने काटा आपटला. "तू कबूल केलं होतंस."

"तू कागद आणशील तेव्हा चहा पिऊ, एवढं म्हणाले होते. सही करते म्हणाले नव्हते."

"त्या ओल्या घरात तू एकटी राहणार? चूल पेटवायला वाकता येत नाही तुला. जमीन विकलीस तर गावात, दवाखान्याच्या जवळ, एक उबदार घर घेता येईल. मी काय स्वतःसाठी धडपडतोय का?"

"कोण म्हणतंय तसं?"

"सगळे म्हणतात. लोर्कन दलाल आहे, लोर्कनला कमिशन हवंय." आणि जे बोलायचं नाही असं आत्याने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, ते तो बोलून गेला. "नोव्हेंबरात ही अंगणात पडली होती. दोन तास. मी सहज म्हणून आलो होतो त्या दिवशी, नाहीतर... कुणाला माहीत आहे हे? आल्वा? बाबा?"

आल्वाचा हात तोंडावर गेला. सेनन हलला नाही. तो टेबलापलीकडे आपल्या बहिणीकडे बघत होता, आणि मग तो तिच्याशी बोलला. मुलाकडून नाही, मुलीकडून नाही.

"दोन तास, नोनी?"

"पाऊस नव्हता," नोनी म्हणाली.

सेनन उठला. खुंटीवरची टोपी घेतली, कोट राहिला तिथेच, आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

आल्वा त्याच्यामागे निघाली तशी आत्याने काठी आडवी धरली. "तू नको. पाहुण्याला टार्ट वाढ. लोर्कन, माझा कोट दे. आणि त्याचाही दे."

*

रान फार लांब नव्हतं, पण ओल्या गवतातून नोनीला वेळ लागला. सेननने तिला येताना पाहिलं आणि तो थांबला. मदतीला आला नाही, पुढेही गेला नाही. ते त्याला लहानपणापासून असंच जमायचं, अर्धवट. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तो एकाहत्तर, आणि तरी त्या क्षणी तिला तो खोलीत शिरायला कचरणारा सात वर्षांचा सेनन दिसला.

"घाल," तिने कोट पुढे केला. त्याने घातला.

तीन झाडं त्यांच्यापुढे उभी होती. सरळ, राखाडी, गुळगुळीत सालीची. थेडी लिलिस गेला त्या वर्षाच्या आसपास आपली आपण उगवलेली. बुंध्याशी मुळं छान फाकली होती. नोनीने हर्ली कधी केली नव्हती, पण तिलाही दिसत होतं की प्रत्येक बुंध्यात दहा तरी लपलेल्या आहेत.

"मला का नाही सांगितलंस?" सेनन म्हणाला.

"कसं सांगणार? लोर्कनला सांगायचं की बापाला सांग, मी पडले?"

वरती एक कावळा फांदीवरून फांदीवर गेला.

"तू ती काळी झाडं लावलीस," तो अखेर म्हणाला. तीस वर्षं जे मनात होतं ते त्याच शब्दांत, जणू कालच घडलंय. "आपल्या बापाच्या जमिनीवर. चौदा एकर स्प्रूस. माझ्या खिडकीतून सूर्य दुपारी तीनला मावळायचा, नोनी."

"मी तुला तीनदा विचारलं होतं."

"काय विचारलं होतंस?"

"अ‍ॅश लावू या का म्हणून. पहिल्यांदा ईस्टरला. मग गवत कापायच्या वेळी. मग बापाच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या पायऱ्यांवर. तू म्हणालास, अ‍ॅश लावावा लागत नाही, आपला आपण येतो. तू पाडत राहिलास आणि लावलं कुणीच नाही. मला एकटीला चौदा एकर घेऊन बसायचं होतं. सरकार रोपं देत होतं, लावायला माणसं देत होतं. मी हो म्हटलं."

"चर्चच्या पायऱ्यांवर," तो म्हणाला. "ते आठवतंय मला."

"मग?"

"मला वाटलं, तू मला डिवचायला लावलीस ती झाडं."

"डिवचायला माणूस चौदा एकर लावत नाही, सेनन. एखादं झुडूप लावतो."

त्याच्या नाकातून एक आवाज निघाला. हसूच होतं ते, पण त्याने ते अर्ध्यात गिळलं आणि तळहात सगळ्यात जवळच्या झाडावर ठेवला.

"ते डॅनिश साहेब चांगले आहेत. खोटं बोलत नाहीत. पण त्यांचं ऐकायचं म्हणजे ही उभी ठेवायची, आणि दर उन्हाळ्यात येऊन बघायचं की चट्टा पडला का. शेंडा वाळला का. मला ते होणार नाही. मोनाच्या वेळी चौदा महिने मी रोज सकाळी तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायचो. आज बरी दिसते, आज नाही. परत नाही बसायचं मला तसं. त्यापेक्षा धडधाकट आहेत तोवर पाडावीत, त्यातून काहीतरी चांगलं करावं."

नोनीला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं तो हट्टाने पाडतोय, नावासाठी पाडतोय. ती काठीवर भार टाकून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघांचे खांदे एकमेकांना लागले.

"मोना आजारी होती," ती म्हणाली. "ही आजारी नाहीत."

सेननने हात खाली घेतला नाही. वारा पडला होता. घराकडून दार उघडल्याचा आवाज आला आणि आल्वाचं आणि त्या पाहुण्याचं बोलणं अस्पष्ट ऐकू यायला लागलं.

"मोनाची खोली रिकामी आहे," तो झाडाकडे बघत म्हणाला. "खालीच आहे, जिना नाही. शेगडीही चांगली पेटते."

"तुझ्या हातचा स्वयंपाक खायचा?"

"आल्वा करते."

"मग विचार करते. हिवाळ्यापुरता."

"हिवाळ्यापुरताच म्हणतोय मी. उन्हाळ्यात कोण सहन करेल तुला?"

टॉर्बेन चिखलाचे बूट घालून आला होता. त्याने आधी परवानगी मागितली, सेननकडे, आणि मग नोनीकडे. तिला ते आवडलं. मग त्याने एकेक झाड असं पाहिलं जसं डॉक्टर लहान मुलाला बघतात, हलक्या हाताने, काही न बोलता. खिशातलं भिंग काढून बुंध्याजवळची एक डहाळी तपासली, आणि डोकं मागे टाकून शेंड्याकडे पाहत राहिला.

"काडी वरची हवी," तो म्हणाला. "उन्हात वाढलेली, गेल्या वर्षीची. खालची चालत नाही. पण तुम्ही हो म्हणत नाही तोवर मी हात लावणार नाही."

सगळे सेननकडे बघायला लागले. लोर्कन सगळ्यात मागे होता, त्याचे शहरी बूट पार चिखलात गेले होते.

"पॅकीला काय सांगू?" सेनन म्हणाला. "आणि त्या तीस घरांना?"

"मी सांगेन पॅकीला," आल्वा पटकन म्हणाली. "आणि घरांनाही. दारोदार जाऊन सांगेन."

"तू नाही. नावं मी लिहून घेतलीत, मीच सांगेन." त्याने टोपी मागे सरकवली. "शिडी शेडच्या मागे आहे. पण ती पहिल्या फांदीपर्यंतच पोचते. पुढे कोण चढणार? मी नाही, नोनी नाही. या साहेबांच्या वजनाला फांदी तडकेल."

आल्वा कोट काढायला लागली. पण त्याआधीच लोर्कनने आपला कोट काढून, कागदांसकट, बहिणीच्या हातात दिला होता.

"हे काय?" नोनी म्हणाली.

"या रानात तुमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त झाडं मी चढलोय," लोर्कन म्हणाला, आणि शिडी आणायला गेला.

तो वर गेला. एकोणचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, रविवारचा पांढरा सदरा घातलेला माणूस. खालून सेनन ओरडत होता, "डावीकडची! डावीकडची म्हणतोय, ती नाही, तिच्यावरची!" आणि वरून लोर्कन ओरडत होता, "बाबा, मला दिसतंय!" आणि काळ्या डोळ्यांच्या काड्या एकेक करून खाली येत होत्या. नोनी त्या उचलायला वाकू शकत नव्हती. तिने कोटाचा घेर पुढे धरला आणि आल्वा त्यात काड्या टाकत गेली.

*

सेनन स्वयंपाकघरात आला तेव्हा टेबल साफ झालं होतं आणि ओल्या कापडात गुंडाळलेल्या काड्या मध्ये ठेवल्या होत्या. आल्वाने सरपणाच्या शेडमागून रोपांच्या कुंड्या आत आणल्या, चाळीस. सहा महिने ती बांधाकडेची रानटी अ‍ॅशची रोपं उपटून तिथे लावत होती, टॉर्बेनच्या सांगण्यावरून. सेननने एवढे दिवस त्या कुंड्या पाहिल्या होत्या आणि त्याला ती मुलीची फुलझाडं वाटली होती.

"आणखी काय काय लपवलंयस?" त्याने विचारलं.

"एवढंच, बाबा."

"बरं." त्याला राग आणायचा होता, पण आला नाही. ती त्याच्यासारखीच होती. सांगण्याआधी करून मोकळी.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नोनी, टॉर्बेन आणि लोर्कन बसले होते. लोर्कनने विक्रीचे कागद उलटे करून कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं होतं आणि त्याचा तो ऑफिसातला चेहरा आता आत्याच्या बाजूने होता.

"पहिली हजार रोपं क्लेअरच्या मातीत," नोनी सांगत होती. "शाळांच्या मैदानांकडेला, ज्याला हवी त्याला. मग तुमच्या डेन्मार्कला."

"बाई, हे मला माझ्या वकिलाला विचारावं लागेल."

"तुमचा वकील जेवायला होता का इथे?"

टॉर्बेनने दाढी खाजवली. "पाचशे."

"लोर्कन, हजार लिही."

"लिहिलंय," लोर्कन म्हणाला. "आणि वाणाला नाव लिलिसांचं. आणि विक्री दोघांच्या संमतीनेच, माती जिची तिच्या आणि झाडं ज्याची त्याच्या. साहेब, याहून चांगला करार तुम्हाला या परगण्यात मिळणार नाही, मी रोज हेच करतो."

टॉर्बेन हसला आणि त्याने नोनीपुढे हात केला. तिने तो घट्ट धरून एकदा हलवला. मग त्याने तोच हात सेननपुढे केला.

सेननने तो लगेच घेतला नाही. "कलम लावल्यापासून हर्ली निघेपर्यंत किती वर्षं?"

"तीस. नशीब असेल तर पंचवीस."

"म्हणजे मी शंभरीच्या घरात."

"आणि मी त्याच्याही पुढे," नोनी म्हणाली. "तेव्हा मला सामन्याला उचलून न्यायचं काम तुझ्याकडे."

सेननने टॉर्बेनचा हात घेतला. यात आपलं मोठं असं काही नाही, हे त्याला कळत होतं. कुणीच न लावलेली, आपली आपण आलेली झाडं त्याने पाडली होती. पुढची लावायला तीस वर्षांपूर्वी त्याने नकार दिला होता. आता मुलगी लावेल. त्यात त्याचं काय, तर एवढंच, की तो आड येणार नाही. ते पुरे आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते पुरेसं वाटलं नाही.

टॉर्बेनने चामड्याच्या गुंडाळीतून आपला चाकू काढला. पहिली कुंडी पुढे ओढली, खुंट तिरपा कापला, मग काडीला तसाच तिरपा छेद दिला. दोन्ही एकमेकांवर ठेवले. किंचित फट राहिली. त्याने पुन्हा कापलं. "सगळं या छेदावर आहे," तो आल्वाला म्हणाला. "एकाच ओढीत, सपाट. लाकूड लाकडाला सगळीकडे टेकलं पाहिजे. मला दहा वर्षं लागली शिकायला, आणि तरी दहातली तीन वाया जातात."

आल्वाने प्रयत्न केला. तिचा छेद बरा होता, पण टोकाशी लहरला.

सेनन मागे उभा राहून बघत होता. न राहवून त्याने हात पुढे केला. "दाखवा."

त्याने टॉर्बेनचा चाकू बोटावर तोलून पाहिला आणि परत दिला. मग शेडमध्ये जाऊन स्वतःचा घेऊन आला, हर्लीची मूठ घडवायचा, बापाच्या हातचा, पातं झिजून निम्मं झालेला. तो खुर्चीवर बसला. काडी उचलून खिडकीच्या उजेडाशी धरली आणि तिच्यातून रेषा कशी जाते ते बघितलं, जशी तो आयुष्यभर प्रत्येक फळीची बघत आला होता. मग अंगठ्याने आधार देऊन पातं एकदा ओढलं. दुसऱ्यांदा खुंटावर. दोन्ही एकत्र आणले.

टॉर्बेनने भिंग लावून पाहिलं. जोड कुठे आहे ते दिसत नव्हतं. त्याने आपला चाकू मिटला आणि चामड्याच्या गुंडाळीत परत ठेवला.

"नोनी, पट्टी गुंडाळ," सेनन म्हणाला. नोनीने खुर्ची जवळ ओढली, आणि तिच्या वाकड्या बोटांनी हळूहळू, एकावर एक वेढे देत तो जोड बांधला. लोर्कनने कुंडीवर चिठ्ठी लावली. तीन कधीच वाजून गेले होते, तरी बाहेर अजून लख्ख उजेड होता.

"दुसरी दे," सेननने मुलीपुढे हात केला.